लाइव्हमध्ये आवाज कडकडतो, तुटतो, मागे पडतो : व्हॉइसमीटर आणि ओबीएस वापरणाऱ्यांसाठी तपासणीचा क्रम

विंडोजवर व्हॉइसमीटर (कॉम्प्युटरमधले आवाज एकत्र करून हवे तिकडे पाठवणारा आभासी मिक्सर) आणि ओबीएस (लाइव्ह आणि रेकॉर्डिंग करणारं सॉफ्टवेअर) ही जोडी लावून लाइव्ह करणाऱ्यांचा किंवा घरच्या घरी पॉडकास्ट करणाऱ्यांचा फोन आला की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं : 'माइक गेलाय, आता कुठला घेऊ?' माइक क्वचितच गेलेला असतो. नवा माइक येतो, चार दिवस नव्याची नवलाई टिकते आणि कडकड परत सुरू होते, कारण बिघाड माइकमध्ये नव्हताच. आवाज माइकमधून निघून प्रेक्षकाच्या कानात पोचेपर्यंत चार-पाच हातांतून जातो. त्यांतला एखादा वेळ पाळत नाही, एवढंच बहुतेक वेळा झालेलं असतं. तो कोण ते शोधायचं, आणि खिशात हात घालायच्या आधी शोधायचं.

मी व्हॉइसमीटरची 'बनाना' ही आवृत्ती धरून लिहितोय. व्हीबी-ऑडिओ या नावानं व्हिन्सेंट ब्यूरेल हे फ्रेंच गृहस्थ तो बनवतात, वापरायला मिळतो आणि पैसे आपल्या मनावर. बनानामध्ये खऱ्या माइकसाठी ३ इनपुट आणि कॉम्प्युटरमधल्या आवाजासाठी २ आभासी इनपुट असतात. ए-१, ए-२, ए-३ ही खरी आउटपुटं, म्हणजे हेडफोन, स्पीकर वगैरे. बी-१ आणि बी-२ ही आभासी, ती ओबीएस किंवा झूमला माइक म्हणून दिसतात. साधा व्हॉइसमीटर किंवा 'पोटॅटो' ही मोठी आवृत्ती असेल तर खाचांची संख्या बदलते, रोग आणि औषध तेच राहतं.

लक्षणं

'आवाज खराब येतोय' एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही. हेडफोन लावून रेकॉर्डिंग पुन्हा ऐका आणि यांतलं नेमकं काय होतंय ते ठरवा.

• दर काही सेकंदांनी, जवळपास ठरलेल्या अंतरानं 'टिक' होतं. कोणी बोलत असो वा नसो.
• अधूनमधून कडकड होते, त्यात काही ताल नाही. ब्राउझरचा टॅब उघडला, ओबीएसमध्ये सीन बदलला की वाढते.
• एरवी स्वच्छ, पण जोरात बोललं, हसलं, टाळी पडली की फाटतो.
• आवाज रोबोटसारखा तुटक, किंवा चक्क जाड अथवा बारीक होतो. गाणाऱ्याचा सूरच बदलतो.
• पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा पोकळ येतो.
• सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळलेले असतात, तासाभरानं सुटतात.
• शब्दांचे शेवट गिळले जातात, वाद्याचा सूर मध्येच गायब होतो.
• मागे सतत 'घुंऽऽ' चालू.
• कॉल सुरू झाला की संगीत आपोआप खाली बसतं.

शेवटचं इथेच निकालात काढू. विंडोजच्या जुन्या साउंड खिडकीत (साउंड सेटिंग्जमध्ये खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज') 'कम्युनिकेशन्स' नावाचा टॅब आहे. कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, असं तिथे मुळातच ठरवून ठेवलेलं असतं. ते 'डू नथिंग' करा.

हात लावण्याआधी

एका वेळी एकच गोष्ट बदला, मग दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि ऐका. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज सुधारला, तर कशानं सुधारला ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात विंडोजच्या अपडेटनं त्यातली एक उलटवली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बदल करण्याआधी त्या खिडकीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. व्हॉइसमीटरच्या मेन्यूत सेटिंग फाइलमध्ये जतन करायची सोय आहे, तीही वापरा.

१. दोष आवाजात आहे की नेटमध्ये?

ही तपासणी फुकट आहे आणि सगळ्यात जास्त वेळ हीच वाचवते. लाइव्ह चालू असतानाच ओबीएसमध्ये 'स्टार्ट रेकॉर्डिंग' दाबा. पाच मिनिटांनी थांबवा आणि हार्ड डिस्कवरची फाइल ऐका. फाइल स्वच्छ आणि यूट्यूबवर मात्र तुटतंय, तर व्हॉइसमीटरला हात लावू नका, दोष नेटकडे आहे. ओबीएसच्या 'स्टॅट्स' खिडकीत तीन वेगवेगळे आकडे असतात : रेंडरिंगमध्ये हुकलेल्या फ्रेम, एन्कोडिंगमध्ये गाळलेल्या फ्रेम आणि नेटवर्कमुळे पडलेल्या फ्रेम. नेटचा संबंध फक्त तिसऱ्याशी. तो वाढत असेल तर व्हिडिओचा बिटरेट (सेकंदाला किती डेटा पाठवायचा तो आकडा) उतरवा, वायफाय सोडून लॅनची वायर लावा. पहिले दोन वाढत असतील तर कॉम्प्युटरवर भार जास्त आहे, रिझोल्यूशन किंवा फ्रेम रेट कमी करा.

फाइलमध्येही कडकड असेल तर पुढे चला.

२. वायर, पोर्ट, ब्लूटूथ

माइकची वायर दोन्ही टोकांना हलवून बघा. हलवल्यावर खरखर झाली तर वायर बदला. इंटरफेसचं (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) गेनचं, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचं बटण फिरवताना चरचर येत असेल तर बटणात धूळ किंवा झीज आहे, त्याला सॉफ्टवेअरमध्ये औषध नाही.

यूएसबी माइक किंवा इंटरफेस हबवर असेल तर काढून थेट लॅपटॉपला लावा. कारण समजून घेण्यासारखं आहे. पेन ड्राइव्हवर फाइल टाकताना एखादा तुकडा बिघडला तर तो पुन्हा पाठवला जातो. यूएसबीवरून आवाज ज्या पद्धतीनं जातो तीत पुन्हा पाठवणं नसतं. वेळेवर आलं ते आलं, हुकलं ते गेलं. त्यामुळे ज्या हबवर पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो, त्याच हबवर माइक कडकडू शकतो.

पोर्ट बदलल्यावर आणखी एक घोळ होतो. विंडोज त्याच माइकला नवीन पाहुणा समजतं आणि यादीत नावाआधी '२-' असा आकडा लावून दाखवतं. व्हॉइसमीटर जुनं नाव शोधत बसतो. म्हणून एक पोर्ट ठरवा आणि त्यावर चिकटपट्टी लावून 'माइक' लिहून ठेवा. मी सगळ्यांना हे करायला लावतो. लोक हसतात, पण करतात.

ब्लूटूथ हेडसेट असेल तर तूर्त बाजूला ठेवा. नेहमीच्या ब्लूटूथवर हेडसेटचा माइक चालू झाला की जोडणी गाणी ऐकायच्या पद्धतीतून फोनच्या पद्धतीवर उतरते. आवाज मोनो होतो आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतो. 'झूम लावला की गाण्याची क्वालिटी जाते' या तक्रारीच्या मुळाशी बहुतेकदा हेच असतं. शंभर-दीडशे रुपयांचा वायरचा इअरफोन लाइव्हसाठी महागड्या बिनतारी हेडसेटपेक्षा बरा.

हे सगळं झालं की व्हॉइसमीटरच्या मेन्यूतून 'रीस्टार्ट ऑडिओ इंजिन' करा. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर कडकड सुरू झाली असेल तर नुसत्या एवढ्यानंच ती थांबते. त्यासाठी पूर्ण लॅपटॉप रीस्टार्ट करायची गरज नसते.

३. तोच आवाज दोनदा येतोय का?

पोकळ आवाजाचं कारण जवळजवळ नेहमी हेच. ओबीएसमध्ये व्हॉइसमीटरचा बी-१ घेतलेला असतो, आणि सेटिंग्जच्या ऑडिओ पानावर 'डेस्कटॉप ऑडिओ' किंवा 'माइक' यांपैकी काहीतरी आपोआप निवडलेलंही राहिलेलं असतं. एकच आवाज दोन वाटांनी येतो, एक काही मिलिसेकंद उशिरा. दोन्ही एकमेकांत मिसळले की काही कंपनं एकमेकांना मारतात आणि आवाज पोकळ होतो. ओबीएसच्या ऑडिओ पानावरची सगळी ठिकाणं 'डिसेबल्ड' करा आणि फक्त बी-१ ठेवा. 'अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये मॉनिटरिंग 'ऑफ' ठेवा, कारण ऐकायचं काम व्हॉइसमीटरचा ए-१ करतोच आहे.

झूमवरचा पाहुणा 'मला माझाच आवाज येतोय' म्हणत असेल तर तो याचाच चुलतभाऊ. झूमला माइक म्हणून बी-२ द्या, आणि झूमचा आवाज ज्या पट्टीत येतो तिथलं बी-२ चं बटण बंद ठेवा. त्याला सगळं ऐकू जातं, फक्त तो स्वतः सोडून.

४. पातळी

ओबीएसचा मीटर उणे २० डेसिबलपर्यंत हिरवा, तिथून उणे ९ पर्यंत पिवळा आणि त्यावर लाल असतो. नेहमीचं बोलणं पिवळ्यात खेळू द्या. लाल फक्त हसण्या-ओरडण्याला शिवावा.

पण मीटर ठीक असूनही फाटत असेल तर? मग ते मीटरच्या आधीच फाटलंय. इंटरफेसवर गेन जास्त असला की आवाजाचा माथा तिथेच छाटला जातो, आणि पुढे व्हॉइसमीटरची पट्टी कितीही खाली ओढली तरी छाटलेला माथा परत उगवत नाही. ते फक्त हळू आवाजात फाटलेलं ऐकू येतं. म्हणून नेहमी उगमाकडून सुरुवात : इंटरफेसचं गेन, मग विंडोजमधली माइकची पातळी आणि तिथला 'बूस्ट', मग व्हॉइसमीटरची सरकती पट्टी शून्य डेसिबलवर, शेवटी ओबीएस.

सभागृहात किंवा मांडवात साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाइन घेणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. मिक्सरमधून येणारा सिग्नल माइकच्या सिग्नलपेक्षा कितीतरी पट मोठा असतो. तो लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातला की फाटणारच, वर ते भोक मोनो. लाइन इनपुट असलेला छोटा यूएसबी इंटरफेस घ्या आणि साउंडवाल्याकडून वेगळं 'ऑक्स' मागा, म्हणजे हॉलच्या आवाजापासून स्वतंत्रपणे लावता येणारं मिक्सरचं आउटपुट. मुख्य आउटपुट घेतलंत तर तो हॉलसाठी जे वर-खाली करेल ते सगळं तुमच्या लाइव्हमध्ये उतरेल. निवेदकाचा माइक हॉलमध्ये मोठा लागतो, ढोलकी हॉलमध्ये माइकशिवायही ऐकू येते, म्हणून तो ती उचलतच नाही. घरी बसलेल्याला मग ढोलकी मिळतच नाही.

५. सॅम्पल रेट

ठरलेल्या अंतरानं होणारं 'टिक', रोबोटी आवाज आणि बदललेला सूर ही तिन्ही लक्षणं इथे येऊन मिळतात. माझ्या बघण्यातल्या केसेस सगळ्यात जास्त इथेच सुटतात.

कॉम्प्युटर आवाजाचे सेकंदाला हजारो नमुने घेतो. सीडीच्या काळापासून आलेला आकडा ४४,१००, व्हिडिओच्या जगातला ४८,०००. दोन्ही चांगलेच आहेत, कानाला फरक कळत नाही. अडचण होते ती साखळीतला एक ४४,१०० वर आणि दुसरा ४८,००० वर असला की. तेव्हा सेकंदाला ३,९०० नमुन्यांचा हिशेब मध्ये कोणीतरी जुळवत बसतं. व्हॉइसमीटर तो जुळवतो, ओबीएसही जुळवतं, आणि बहुतेक वेळा ते निभावून जातं. पण भार वाढला, की जुळवणारा कुठेतरी चुकतो.

एखाद्यानं ४४,१०० चा आवाज न बदलता ४८,००० समजून वाजवला तर तो जवळपास ९ टक्के वेगानं धावतो आणि सूर पेटीवरच्या साधारण दीड पट्टीनं चढतो. काळी एकमध्ये गायलेला अभंग पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी लटकतो. पेटीवाला घरी बसून लाइव्ह बघत असेल तर प्रेक्षकांच्या कितीतरी आधी त्याचा फोन येतो. बोलण्याच्या कार्यक्रमात हेच कोणाच्या लक्षात येत नाही, फक्त 'आज आवाज जरा बारीक वाटला' अशी एखादी कॉमेंट पडते.

तर सगळं ४८,००० वर आणा. चार ठिकाणं आहेत :

विंडोजच्या जुन्या साउंड खिडकीत (साउंड सेटिंग्जमध्ये खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज') 'प्लेबॅक'मधल्या प्रत्येक वापरात असलेल्या साधनाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अॅडव्हान्स्ड' टॅब. तिथे हेडफोन आणि व्हॉइसमीटरची आभासी इनपुटं दोन्ही येतात.

त्याच खिडकीत 'रेकॉर्डिंग' टॅब. खरा माइक, आणि व्हॉइसमीटरची आभासी आउटपुटंही. ही आभासी आउटपुटं लोक हमखास विसरतात.

व्हॉइसमीटरच्या 'सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये 'प्रेफर्ड मेन सॅम्पल रेट'.

ओबीएसच्या सेटिंग्जमध्ये ऑडिओ पानावर सगळ्यात वर.

इंटरफेसचं स्वतःचं कंट्रोल पॅनल असेल तर ते पाचवं. आणि खरंच झालं का ते बघायचं तर व्हॉइसमीटरची 'सिस्टिम सेटिंग्ज' उघडा. आत प्रत्येक इनपुट-आउटपुटसमोर सध्या कुठला रेट आणि किती बफर (पुढच्या आवाजाचा तात्पुरता साठा) चालू आहे ते लिहिलेलं दिसतं. एखाद्या ओळीत ४४,१०० शिल्लक असेल तर चोर तिथे सापडला.

विंडोजचं मोठं अपडेट किंवा ड्रायव्हरचं अपडेट यानंतर हे आकडे पुन्हा मूळपदावर जाऊ शकतात. 'काल चालत होतं, काहीच केलं नाही' या वाक्याचा अर्थ बहुतेकदा 'रात्री अपडेट झालं' असा असतो.

६. ए-१ आणि बफर

व्हॉइसमीटरमध्ये ए-१ हे तीन आउटपुटांपैकी नुसतं एक नाही. सगळं इंजिन ए-१ ला लावलेल्या साधनाच्या घड्याळावर चालतं. मुख्य सॅम्पल रेट आणि बफर तिथूनच ठरतो. त्यामुळे ए-१ वर काय लावलंय त्यावर बाकी सगळ्याची शिस्त अवलंबून. एचडीएमआयनं जोडलेला टीव्ही, ब्लूटूथ स्पीकर, मधूनच झोपणारा मॉनिटर ही ए-१ वर लावायची माणसं नव्हेत. इंटरफेस असेल तर त्याचंच हेडफोन आउटपुट ए-१ वर लावा. माइक आणि ए-१ एकाच पेटीत असले की घड्याळ एकच होतं आणि ठरावीक अंतराचं 'टिक' बहुतेक वेळा तिथेच संपतं. यूएसबी माइकला स्वतःचं हेडफोनचं भोक असेल तर तेही चालेल.

ए-१ च्या यादीत एकाच साधनाची नावं 'डब्ल्यूडीएम', 'केएस', 'एमएमई' अशी तीन-तीनदा दिसतात. विंडोजमध्ये त्या साधनाशी बोलायच्या या वेगवेगळ्या पद्धती. डब्ल्यूडीएमपासून सुरुवात करा. त्यावर कडकड जातच नसेल तर एमएमई लावून बघा. तो संथ आहे पण सोशिक आहे. केएसच्या वाटेला गरज नसताना जाऊ नका.

आता बफर. डब्ल्यूडीएमचा बफर ५१२ असेल तर ४८,००० च्या हिशेबानं तो सुमारे १०.७ मिलिसेकंदांचा साठा झाला. दर वेळी तेवढ्या अवधीत कॉम्प्युटरनं पुढचा घास तयार ठेवायचा. नाही जमलं की 'कड'. बफर १०२४ केला की त्याला २१ मिलिसेकंद मिळतात. लाइव्ह आणि पॉडकास्टला हा उशीर कोणाला कळत नाही. कळतो तो फक्त हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकत गाणाऱ्याला, आणि त्याला तो इंटरफेसवरच्या 'डायरेक्ट मॉनिटर'च्या बटणावरून द्या, म्हणजे कॉम्प्युटरचा फेराच वाचतो. यूट्यूबवर बफर १२८ करा सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. ते खेळ खेळणाऱ्यांसाठी आहेत. कीर्तनाला किंवा मुलाखतीला १०२४ पुरे, आणि जुन्या लॅपटॉपवर तर तोच बरा.

७. गोंगाट काढणाऱ्यांची गर्दी

शब्दांची शेपटं गिळली जात असतील तर मोजा : विंडोजचं 'ऑडिओ एन्हान्समेंट्स', हेडसेटबरोबर आलेलं सॉफ्टवेअर, झूमचं स्वतःचं, आणि वर ओबीएसचा 'नॉइज सप्रेशन' फिल्टर. चौघं एकामागून एक तासतात. एकच ठेवा, शक्यतो ओबीएसमधला. संगीत असेल तर तोही काढा. एकसारखा चालणारा आवाज हे फिल्टर सहसा गोंगाट समजतात. त्यामुळे पंखा आणि तंबोरा त्यांच्या लेखी एकच. झूमवर गाण्याची शिकवणी घेणाऱ्यांनी 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करावं.

८. वीज वाचवणारं विंडोज

लॅपटॉप चार्जरवर लावा, पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' करा. पॉवर प्लॅनच्या आतल्या सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर वीज वाचवण्यासाठी साधन बंद करण्याची परवानगी दिलेली असते, ती टिक काढा. शांतता आली की विंडोज यूएसबी डुलकीला पाठवतं आणि बोलायला सुरुवात केली की पहिला शब्द अडखळतो, असं होत असेल तर कारण इथे आहे.

९. हळूहळू सुटत जाणारा आवाज

आधी ठरवा, फरक कायम तेवढाच आहे की वाढतोय. कार्यक्रमाच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, शेवटी दुसरी. दोन्हींत सारखाच फरक असेल तर कॅमेऱ्याचं चित्र उशिरा येतंय, एवढंच. ओबीएसच्या 'सिंक ऑफसेट'मध्ये तेवढे मिलिसेकंद भरा आणि विसरा.

वाढत असेल तर ऑफसेटनं काही होणार नाही. दोन साधनांची घड्याळं वेगळी चालतात. दोघांमध्ये दहा लाखांत ५० चा फरक असला तरी तासाला ०.१८ सेकंद होतात, दोन तासांच्या कीर्तनात ०.३६. ओठ सुटलेले दिसायला एवढं भरपूर झालं. ओबीएसमध्ये त्या माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये 'यूज डिव्हाइस टाइमस्टॅम्प्स'ची टिक असेल तर काढून आणि नसेल तर लावून बघा. कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचं एचडीएमआय कॉम्प्युटरला जोडणारं साधन) वापरत असाल तर सगळ्यात सुटसुटीत मार्ग म्हणजे मिक्सरची लाइन कॅमेऱ्यातच घालायची आणि चित्र-आवाज दोन्ही एचडीएमआयनं एकत्र आणायचे. एकच घड्याळ, भांडण नाही.

ओबीएसचा लॉगही बघा, 'हेल्प' मेन्यूत मिळतो. त्यात 'मॅक्स ऑडिओ बफरिंग रीच्ड' अशी ओळ आली असेल तर आवाजाचं कुठलंतरी साधन किंवा दमलेला कॉम्प्युटर ओबीएसला इतका मागे खेचतोय की त्यानं वाट बघायची कमाल मर्यादा गाठली. ही मर्यादा एकदा चढली की आपोआप उतरत नाही. ओबीएस बंद करून पुन्हा उघडावं लागतं, आणि न लागणारे ऑडिओ सोर्स एकेक करून काढत दोषी शोधावा लागतो.

१०. आता जरा अवघड

इथवर येऊनही बेताल कडकड होतच असेल तर लेटन्सीमॉन हे छोटं सॉफ्टवेअर घ्या आणि लाइव्हइतकाच भार टाकून दहा मिनिटं चालू ठेवा. एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला इतका वेळ अडवून धरतोय का, की आवाजाला वेळेवर पाळी मिळत नाही, हे तो दाखवतो. लाल झालं की 'ड्रायव्हर्स' टॅबमध्ये सगळ्यात जास्त वेळ घेणारा कोण ते बघा. नेटवर्कचा असेल तर वायफाय बंद करून लॅनवर पुन्हा चाचणी घ्या. ग्राफिक्स कार्डाचा असेल तर ड्रायव्हर बनवणाऱ्याच्या साइटवरून ताजा घाला, आणि ताजा आधीच असेल तर एक मागचा.

दुसरा उपाय टास्क मॅनेजरमधला. 'डीटेल्स' टॅबमध्ये 'ऑडिओडीजी' नावाची प्रोसेस असते, विंडोजचं आवाजाचं काम तीच करते. तिच्यावर राइट क्लिक करून 'सेट अॅफिनिटी'मध्ये सगळ्या टिका काढून एकच कोअर ठेवायचा, आणि प्रायॉरिटी 'हाय'. परवानगी नाकारली तर टास्क मॅनेजर अॅडमिन म्हणून उघडा. व्हॉइसमीटरची कडकड यानं पुष्कळ मशीनवर थांबते. पण रीस्टार्ट केलं की सेटिंग उडतं, आणि मूळ दुखणं तसंच राहतं. म्हणून हा उपाय मी शेवटी ठेवतो, बरेच जण यापासूनच सुरुवात करतात.

कुठे थांबायचं

कार्यक्रमाला तासच उरला असेल तर ५ नंतरच्या कुठल्याही तपासणीला हात लावू नका, ड्रायव्हरला तर मुळीच नाही. व्हॉइसमीटर पूर्ण बंद करा, विंडोजचा डिफॉल्ट स्पीकर आणि माइक खऱ्या साधनांवर परत आणा, ओबीएसमध्ये माइक थेट निवडा आणि कार्यक्रम काढा. पार्श्वसंगीत नाही वाजलं तर कोणी मरत नाही.

माइकच्या जाळीला ओठ लागला की किंवा लॅपटॉपच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येत असतील तर तत्क्षणी सगळं मेनपासून बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. हा अर्थिंगचा दोष आहे, यात सॉफ्टवेअर काही नाही आणि यात माणूस जाऊ शकतो. 'घुंऽऽ' काढायला प्लगची तिसरी पिन तोडणं किंवा तिला टेप लावणं कधीही करू नका, कोणी जुना जाणता सांगत असला तरी. चार्जर क्षणभर काढल्यावर घुं थांबत असेल तर लॅपटॉप आणि मिक्सर वेगवेगळ्या सॉकेटांवरून घेतलेत, त्यांच्यात अर्थचं वर्तुळ तयार झालंय. दोन्ही एकाच बोर्डवर आणा. तरी राहिलं तर साउंडवाल्याकडे ऑडिओ आयसोलेटर मागा, पेटी छोटी असते आणि बऱ्याचजणांकडे असते.

तोच इंटरफेस दुसऱ्या लॅपटॉपवरही तसाच कडकडत असेल, तापत असेल किंवा आपोआप निघून परत जोडला जात असेल तर सर्व्हिस सेंटर. वॉरंटीत असेल तर स्क्रू उघडू नका.

लेटन्सीमॉनमध्ये सतत एसीपीआयचा (विंडोज आणि मदरबोर्ड यांच्यात वीज वगैरेचा व्यवहार बघणारा) ड्रायव्हरच वर येत असेल तर प्रकरण बायॉसपर्यंत, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरपर्यंत गेलेलं असू शकतं. बायॉसचं अपडेट चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड कायमचा बसू शकतो, आणि आपल्याकडे विजेचा भरवसा किती ते तुम्हाला माहीत आहे. लॅपटॉप कंपनीच्या माणसाकडून करून घ्या.

ज्या कार्यक्रमाचे लोकांकडून पैसे घेतलेत, तिथे ही सगळी कसरत स्वतः करू नका. लाइव्हचा अनुभव असलेला साउंड इंजिनिअर घ्या.

कोणालाही बोलवलंत तर त्याच्या हातात या वस्तू द्या : दोष ऐकू येणारी दोन मिनिटांची मूळ फाइल (व्हॉट्सअॅपवरून नको, तिथे आवाज दाबला जाऊ शकतो), व्हॉइसमीटरच्या सिस्टिम सेटिंग्जचा फोटो, ओबीएसचा त्या दिवसाचा लॉग, लेटन्सीमॉनचा निकाल, आणि वरच्यापैकी काय-काय करून झालंय त्याची कागदावर यादी. नाहीतर तोही 'रीस्टार्ट करून बघितलंत का?' इथूनच सुरुवात करेल, आणि त्याचेही पैसे लावेल.